एकच थाळा आणि पाच जणांची मते

बहुतेक उपाहारगृहांत कुटुंबातला प्रत्येक जण आपल्या आवडीचे मागवतो, आपापल्या ताटात जेवतो आणि त्या एका पदार्थावरून त्या जागेबद्दलचे मत बनवतो. त्यामुळे पाच माणसांची पाच मते ही खरे तर पाच वेगवेगळ्या जेवणांविषयीची असतात. इथिओपियन उपाहारगृहात तसे होत नाही. तिथे एक मोठा गोल थाळा मधोमध येतो, त्यावर इंजेरा, म्हणजे आंबवलेल्या पिठाची मोठी मऊ पोळी, अंथरलेला असतो, इंजेरावर सात-आठ कालवणांचे लहान लहान ढीग वाढलेले असतात आणि सगळे जण त्याच थाळ्यात हात घालतात. मतभेद झालाच तर तो एकाच मसुराच्या कालवणावरून होतो, आणि 'तुझे चांगले होते, माझे नव्हते' असे म्हणण्याची सोय कोणालाच राहत नाही. घरच्यांना बरोबर घेऊन उपाहारगृहांची तुलना करायचीच असेल, तर ती याच जेवणाची करावी, असे मला वाटते.

आमच्या घरातले पाच खाणारे पाच दिशांचे आहेत. सासूबाई कडक शाकाहारी असून ताटाशेजारी मांस आलेलेही त्यांना चालत नाही. नवऱ्याला आणि मुलाला मांसाहार हवा असतो. मुलीला गव्हाचे वावडे आहे, म्हणजे तिच्या बाबतीत पिठात काय आहे हा प्रश्न आधी आणि चवीचा नंतर. आणि मी सगळे खाते, परंतु तिखटाच्या नावाखाली कच्चा मसाला खपवलेला मला सोसत नाही. एवढ्या अटी सांभाळणारे जेवण आम्हाला इथिओपियन स्वयंपाकात सापडले, आणि वॉशिंग्टन शहराच्या परिसरात राहत असल्यामुळे निवडीलाही भरपूर वाव मिळाला. त्यांपैकी तीन जागांविषयी येथे लिहीत आहे. नावे मुद्दामच देत नाही, कारण आचारी बदलला की चव बदलते आणि आपण लिहिलेला दोष मात्र त्या जागेला चिकटून राहतो. एक जागा शहरातल्या यू स्ट्रीटजवळची, दुसरी मेरिलंडमधल्या सिल्व्हर स्प्रिंगची आणि तिसरी व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रियाची, एवढे सांगणे पुरेसे आहे.

या पत्त्यांमागे थोडा इतिहास आहे. १९७४ मध्ये सम्राट हैले सेलासी यांना पदच्युत करून 'देर्ग' ही लष्करी राजवट सत्तेवर आली, तिच्या दडपशाहीपासून जीव वाचवण्यासाठी असंख्य इथिओपियन देश सोडून निघाले आणि १९८० च्या निर्वासित कायद्यामुळे त्यांची अमेरिकेत येण्याची वाट काहीशी मोकळी झाली. त्यांतले पुष्कळ जण वॉशिंग्टन परिसरात स्थिरावले. सुरुवातीच्या काळात त्यांची उपाहारगृहे अ‍ॅडम्स मॉर्गन भागातल्या अठराव्या रस्त्यावर एकवटली, पुढे यू स्ट्रीट आणि नववा रस्ता यांच्या आसपास नवी निघाली, आणि शहरातली भाडी परवडेनाशी झाली तशी वस्ती व तिच्यामागोमाग चुली उपनगरांकडे सरकल्या. याचा परिणाम जेवणावर स्पष्ट दिसतो. शहरातली जागा पाहुण्यांना समजावून सांगत जेवू घालते. तिथे मेन्यूवर प्रत्येक पदार्थाखाली दोन ओळींचे वर्णन असते, न मागता काटे येतात आणि तिखटाचे प्रमाण बेताचे ठेवलेले असते. उपनगरांतल्या जागा मुख्यतः आपल्याच माणसांसाठी चालवलेल्या असतात. तिथे वर्णन नसते, दूरचित्रवाणीवर इथिओपियाच्या अम्हारिक भाषेतल्या बातम्या चालू असतात आणि काटा मागितल्यावर मिळतो.

इंजेरा हा या थाळ्याचा तळ असतो, पोळी असते, चमचा असतो आणि शेवटचा घासही तोच असतो, म्हणून परीक्षा तिथूनच सुरू करावी. तो तेफ नावाच्या धान्याचा करतात. त्याचा दाणा जेमतेम एक मिलिमीटरचा असतो आणि त्यात ग्लुटेन, म्हणजे गव्हातले चिकट प्रथिन, नसते. पीठ पाण्यात कालवून त्यात आधीच्या खेपेचे 'एर्शो' नावाचे पिवळसर आंबट पाणी विरजणासारखे घालतात आणि ते दोन-तीन दिवस आंबू देतात. नंतर त्यातले थोडे पीठ पाण्यात शिजवून परत मिश्रणात मिसळतात, त्यामुळे इंजेरा लवचिक होतो. मग 'मितद' नावाच्या मोठ्या तव्यावर ते कडेकडून आत गोल फिरवत ओततात आणि झाकण ठेवून एकाच बाजूने भाजतात. तो उलटत नाहीत, म्हणून खालची बाजू गुळगुळीत राहते आणि वरच्या बाजूला शेकडो छिद्रे उमटतात, ज्यांना तिकडे 'डोळे' म्हणतात. सासूबाईंनी पहिल्यांदा पाहताच "अगं, हे तर आपलं घावनच," असा निकाल दिला होता. ही तुलना सुचणे स्वाभाविक असले तरी फसवी आहे, कारण घावन तेलावर टाकायचे, तव्यावरून थेट पानात घ्यायचे आणि त्याच्या कुरकुरीत कडांसाठी भांडायचे असते, तर इंजेरा तेलावाचून भाजतात, निवल्यावर वाढतात आणि त्याची कड कुरकुरीत झाली तर तो दोष मानतात. घावनाची अपेक्षा धरून बसणाऱ्याची पहिल्या घासालाच निराशा होते.

अमेरिकेत तेफ स्वस्त नाही. देशातले भाव आवाक्यात राहावेत म्हणून इथिओपियाने २००६ मध्ये तेफच्या निर्यातीवर बंदी घातली होती आणि २०१५ च्या सुमारास ती अंशतः शिथिल केली. आयडाहो राज्यात १९८० च्या दशकापासून तेफ पिकवले जाते, पण साध्या गव्हाच्या पिठाच्या मानाने तेही महागच पडते. साहजिकच पुष्कळ उपाहारगृहे तेफमध्ये गहू किंवा जव मिसळतात, आणि काही ठिकाणी तर तेफ नावापुरतेच उरते. रंगावरून ओळखू म्हटले तर तेही शक्य नाही, कारण तेफचेच पांढरे आणि तपकिरी असे दोन्ही प्रकार असतात. ज्यांच्या घरी मुलीसारखे पथ्य असेल त्यांनी सरळ विचारावे, आणि नुसते 'तेफ आहे का' असे विचारू नये, तर 'तेफशिवाय आणखी काय आहे, आणि याच तव्यावर मिश्र पिठाचा इंजेरा भाजता का' असे विचारावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर सगळीकडे 'हो' असेच येते.

यू स्ट्रीटजवळच्या जागेचा इंजेरा फिकट, जाडसर आणि अगदी मऊ असतो. आंबटपणा असून नसल्यासारखा असल्यामुळे नवख्या माणसाला तो लगेच आवडतो, आणि मुलाला आजही तोच सर्वांत आवडतो. त्यात गहू असल्याचे वाढणाऱ्या बाईंनी विचारताक्षणी स्पष्ट सांगितले, हे मला फार बरे वाटले; निव्वळ तेफचा हवा असेल तर तिथे आदल्या दिवशी कळवावे लागते आणि त्याचे पैसे वेगळे पडतात. सिल्व्हर स्प्रिंगची जागा स्वतः भाजत नाही. जवळच्या बेकरीतून रोज सकाळी इंजेराचे गठ्ठे येतात, म्हणून तो केव्हाही गेले तरी सारखाच असतो, कधी उत्तम नाही आणि कधी वाईटही नाही. अलेक्झांड्रियाच्या जागेत मात्र मागच्या खोलीत विजेवर चालणारे दोन मितद आहेत आणि तिथे तेफवाचून दुसरे पीठ वापरत नाहीत. तिथला इंजेरा करड्या-तपकिरी रंगाचा, इतरांपेक्षा पातळ आणि चांगला आंबट असतो. एक तुकडा फाडून खिडकीच्या उजेडासमोर धरला की त्याचे डोळे कडेपासून मध्यापर्यंत सारख्या आकाराचे आणि एकमेकांना चिकटून असलेले दिसतात, एकही जागा बुजलेली नसते. तोच तुकडा कालवणावर दाबला की रस आत ओढला जातो आणि बोटांना तेल लागत नाही. यू स्ट्रीटच्या इंजेराचे डोळे मोठे पण विरळ असतात, त्यामुळे रस वर राहतो आणि मनगटाकडे ओघळतो. तरीही निव्वळ तेफचे कौतुक करताना एक गोष्ट झाकून ठेवता येणार नाही. संध्याकाळी उशिरा गेले आणि सकाळचा इंजेरा वाट्याला आला, तर त्याला भेगा पडू लागलेल्या असतात आणि घास धरण्याआधीच तो तुटतो. गव्हाचे मिश्रण असलेला इंजेरा अशा वेळी जास्त निभावून नेतो.

कालवणांची पारख करताना मी आधी मसुराचे 'मिसिर वत' चाखते, कारण त्यात लपायला जागा नसते. या स्वयंपाकात लाल कांदा अगदी बारीक चिरून कोरड्या भांड्यात, तेलाचा थेंबही न घालता, मंद आचेवर ठेवतात. त्याचे पाणी सुटून आटले आणि कांदा विरघळू लागला की मग तेल पडते, आणि त्यानंतर बेर्बेरे. बेर्बेरे म्हणजे मिरचीच्या पायावर उभा असलेला मसाला. त्यात लसूण, आले, मेथी, ओवा, कलौंजी आणि कोररिमा नावाची इथिओपियाची वेलची असते. तोही बराच वेळ परतावा लागतो. या दोन टप्प्यांत घाई केली की कांद्याची कणी दाताखाली येते आणि मिरचीचा कच्चा वास घशाला लागतो. वरून कितीही लिंबू पिळले तरी तो जात नाही. सिल्व्हर स्प्रिंगचे मिसिर वत या बाबतीत तिन्हींत सरस आहे. त्याचा रंग लालपेक्षा विटकरी असतो, कांदा कुठे संपला आणि मसूर कुठे सुरू झाली हे सांगता येत नाही, आणि तिखटपणा पहिल्या घासाला न कळता तिसऱ्या-चौथ्या घासाला चढतो. अलेक्झांड्रियाचे त्याखालोखाल. यू स्ट्रीटच्या मिसिर वतला टोमॅटोचा गोडवा असतो. तो कोणाच्या सोयीसाठी घातला आहे हे उघड आहे, आणि माझा मुलगा त्याच 'कोणा'पैकी एक असल्यामुळे मी त्यावर जास्त बोलत नाही.

थाळ्यातल्या बाकीच्या पदार्थांत एवढा फरक पडत नाही. हळद घातलेल्या पिवळ्या वाटाण्याच्या डाळीचे 'किक अलिचा' सगळीकडे सौम्य आणि गोडसर असते, कोबी-गाजर-बटाट्याचे 'तिकिल गोमेन' बिघडवणे कठीण आहे, आणि 'गोमेन' या पालेभाजीत पाला ताजा होता की नाही एवढेच पाहायचे असते. हरभरा-वाटाण्याच्या मसालेदार पिठाच्या 'शिरो'विषयी मात्र दोन शब्द सांगायला हवेत. तो मातीच्या लहान भांड्यात, रटरटत असतानाच टेबलावर यावा. अलेक्झांड्रियात तो तसा येतो आणि भांडे खाली ठेवल्यावरही मिनिटभर त्यावर बुडबुडे फुटत राहतात. शाकाहारी माणसाने मेन्यूवरचे 'बोझेना शिरो' हे नाव वाचून ते शिरोचेच दुसरे रूप असेल असे समजू नये, कारण त्यात मांसाचे तुकडे असतात.

आता या तुलनेतल्या सर्वांत कामाच्या मुद्द्याकडे येते. इथिओपियन ऑर्थोडॉक्स चर्चचे अनुयायी बुधवारी आणि शुक्रवारी उपवास करतात, ईस्टरपूर्वी ५५ दिवसांचा मोठा उपवास असतो, ऑगस्टमध्ये 'फिल्सेता' असतो, आणखीही आहेत. या दिवसांत मांस, दूध, लोणी, अंडी यांपैकी काहीही चालत नाही आणि श्रद्धाळू माणसे दुपारपर्यंत काही खातही नाहीत. त्यामुळे निव्वळ वनस्पतिजन्य पदार्थांचा 'बेयाइनेतू', म्हणजे सगळ्याचे थोडे थोडे वाढलेला थाळा, हा त्यांच्याकडे शाकाहारी गिऱ्हाइकासाठी नंतर काढलेला तोडगा नसून शतकानुशतके चालत आलेले जेवण आहे. आणि म्हणूनच उपाहारगृहाची पारख शनिवारच्या रात्री करू नये, शुक्रवारी करावी. शुक्रवारी दुपारनंतर त्या जागेची नेहमीची माणसे स्वतः हाच थाळा खायला येतात, पातेली भराभर रिकामी होतात, नवी चढतात, आणि ज्यांना आईच्या हातची चव ठाऊक आहे अशा गिऱ्हाइकांसमोर आचाऱ्याला हयगय करता येत नाही. शनिवारी तोच थाळा मागवला तर गोमेन सकाळचे आणि मसूर कालची असण्याचा संभव अधिक. अपवाद एवढाच की 'फसिका', म्हणजे त्यांचा ईस्टर, झाल्यावर पुढचे ५० दिवस बुधवार-शुक्रवारचा उपवास नसतो, तेव्हा शुक्रवारचा हा फायदा मिळत नाही. त्यांचे पंचांग वेगळे असल्यामुळे तारीख दरवर्षी पाहून घ्यावी लागते.

सासूबाईंच्या दृष्टीने उपवासाच्या थाळ्याचे महत्त्व आणखी आहे. एरवीच्या दिवशी शाकाहारी कालवणात 'नितर किब्बे' हे मसाल्यांत कढवलेले तूप पडू शकते. त्यांना तुपाचे वावडे नाही, पण त्याच पळीने काय काय ढवळले असेल ही शंका त्यांच्या मनातून जात नाही. "हा उपवासाचा थाळा आहे ना?" एवढे विचारले की उपनगरांतल्या दोन्ही जागांत लगेच समजते आणि वाढणाऱ्याचा सूरही बदलतो, जणू चवीढवीचा विषय संपून शुचितेचा सुरू झाला. यू स्ट्रीटला मात्र आमचा एकदा चांगलाच घोटाळा झाला. मांसाहारी आणि शाकाहारी पदार्थ वेगळ्या थाळ्यांत द्यावेत असे दोनदा सांगूनही कोंबडीचे 'दोरो वत' शाकाहारी थाळ्याच्या बरोबर मध्यभागी वाढून आले आणि त्याचा लाल रस सगळ्या बाजूंनी पसरत गेला. त्यांनी दिलगिरी व्यक्त करून नवा थाळा आणला हे खरे, पण तोवर अर्धा तास गेला आणि सासूबाईंची भूकही गेली. अलेक्झांड्रियात हेच सांगितल्यावर तिथल्या बाईंनी सासूबाईंकडे एकवार पाहिले, मान हलवली आणि आमचे बसणेच बदलले. दोन वेगळे थाळे, आणि मधे पाण्याच्या भांड्यांची रांग.

दोरो वतच्या बाबतीत पुरुषमंडळींचे मत मी प्रमाण मानते, कारण त्यावर त्यांचे आपसांत कधी नव्हे ते एकमत आहे. हे सणाचे कालवण. परंपरेने कोंबडीचे बारा भाग करतात, कांदा ढिगाने लागतो आणि शिजायला तासन्‌तास जातात. उपाहारगृहात वाट्याला येते ती एक तंगडी आणि एक उकडलेले अंडे, आणि अंड्याला उभ्या चिरा देऊन रस आत मुरू दिला आहे की ऐनवेळी पांढरेशुभ्र अंडे वर ठेवून दिले आहे, यावरून त्या स्वयंपाकघराची नियत कळते. सिल्व्हर स्प्रिंगचे अंडे आतपर्यंत लालसर झालेले असते. त्या एका अंड्याचे वाटे करताना बापलेकांत जी बोलणी चालतात ती ऐकण्यासारखी असतात. 'किटफो' हा बारीक खिमलेल्या कच्च्या गोमांसाचा गुरागे लोकांचा पदार्थ. 'मितमिता' हे झणझणीत तिखट आणि नितर किब्बे लावून तो देतात. नवरा तो 'लेब लेब', म्हणजे जेमतेम शेकलेला मागवतो आणि तो खाल्ला जात असताना सासूबाई खिडकीबाहेरची रहदारी पाहतात. त्यावर तुलनात्मक मत द्यायला मी पात्र नाही.

अलेक्झांड्रियाच्या मेन्यूवर स्पॅगेटीही आहे, आणि ती केवळ मुलांना रमवण्यासाठी ठेवलेली नाही. इथिओपियाच्या शेजारचा एरिट्रिया १८९० पासून १९४१ पर्यंत इटलीच्या ताब्यात होता आणि १९३६ ते १९४१ या काळात इटलीने इथिओपियावरही कब्जा केला होता. त्या काळाची ही खूण दोन्ही देशांच्या स्वयंपाकात शिल्लक राहिली. बेर्बेरेच्या रश्श्यातली ती स्पॅगेटी इंजेराच्या तुकड्याने उचलून खाण्याचे कसब मुलाने शेजारच्या टेबलावरच्या आजोबांना पाहून आत्मसात केले आहे. माझ्या हातून ती अजूनही निसटते.

कुटुंब बरोबर असले की बसण्याची व्यवस्था हा गौण मुद्दा राहत नाही. यू स्ट्रीटला 'मेसोब' आहेत, म्हणजे वेताच्या विणीची, झाकणवाली, टोपलीसारखी टेबले, आणि त्यांच्याभोवती बुटकी स्टुले. दिसायला ती अतिशय सुंदर आहेत. मुलांना तर दुसरीकडे बसायचेच नसते. पण सासूबाईंचे गुडघे त्या उंचीला तयार होत नाहीत आणि नेहमीचे टेबल मागितले तर ते स्वच्छतागृहाच्या दाराशी मिळते. उपनगरांतल्या दोन्ही जागांत साधी टेबले-खुर्च्या आहेत, दिवे जरा जास्तच प्रखर आहेत, परंतु आजी-आजोबांना बरोबर घेऊन आलेली कुटुंबे तिथेच दिसतात. तिथेच आम्ही 'गुर्शा' पाहिला. आपल्या हाताने इंजेरात कालवण गुंडाळून तो घास शेजारच्याच्या तोंडात भरवायचा, असा तो रिवाज आहे. घास जितका मोठा तितके प्रेम जास्त. बाजूच्या टेबलावरच्या एका आजींनी आमच्या मुलीला असा घास देऊ केला तेव्हा ती लाजली, माझ्याकडे पाहिले, आणि मी गव्हाविषयी काही बोलण्याच्या आतच तिने स्वतः विचारून खात्री करून घेतली व तोंड उघडले. पहिला घास एकटा सोडायचा नसतो म्हणून पाठोपाठ दुसराही आला.

वेळेबद्दल सांगायचे तर सगळा थाळा एकदमच येतो, त्यामुळे त्याआधीची वाट पाहणे लांबते. भुकेलेल्या मुलांसाठी मसूर भरलेले 'सांबूसा' आधी मागवून ठेवावेत. मात्र त्यांचे आवरण गव्हाचे असते. जास्तीचा इंजेरा काही ठिकाणी आपणहून आणतात, काही ठिकाणी त्याचे पैसे लावतात, तेव्हा तेही आधी विचारलेले बरे.

कॉफीच्या बाबतीत तिन्ही जागांमधले अंतर सर्वांत जास्त आहे. कॉफीचे मूळ घर इथिओपिया, आणि तिथे ती पाहुण्यांच्या डोळ्यांसमोर करण्याची रीत आहे. हिरव्या बिया कढईत भाजतात, धुराचा वास घेण्यासाठी ती कढई सगळ्यांसमोरून फिरवतात, मग कुटून 'जेबेना' नावाच्या लांब मानेच्या मातीच्या सुरईत उकळतात आणि बिनकानाच्या लहान 'सिनी' कपांत उंचावरून धार धरतात. शेजारी धूप जळत असतो आणि वाडग्यात मक्याच्या लाह्या असतात. त्याच पुडीवर पुन्हा पाणी घालून तीन फेऱ्या होतात. त्यांना अनुक्रमे अबोल, तोना आणि बेरेका म्हणतात, आणि प्रत्येक फेरी आधीच्यापेक्षा सौम्य असते. यू स्ट्रीटला यंत्रातली कॉफी जेबेनात ओतून आणतात, हे त्या सुरईच्या कोरड्या, गार मानेला हात लावला की कळते. सिल्व्हर स्प्रिंगला हा विधी फक्त रविवारी दुपारी असतो. अलेक्झांड्रियात रोज असतो, पण त्याला तासभर लागतो आणि घाई केलेली तिथे कोणालाच खपत नाही. मुले अबोलपर्यंत लाह्यांवर थांबतात, तोनाला चुळबुळू लागतात, आणि बेरेकापर्यंत टिकून राहणाऱ्या आमच्यात फक्त सासूबाई असतात.

एवढे सगळे झाल्यावर घरात एकमत झाले का, तर नाही. मुलगा यू स्ट्रीटच्या मेसोबला आणि मऊ इंजेराला चिकटून आहे. नवरा दोरो वतसाठी सिल्व्हर स्प्रिंगचा पक्ष घेतो आणि मिसिर वतपुरती मीही त्याच्या बाजूला असते. मुलगी आणि सासूबाई, एक पिठामुळे आणि दुसरी पळीमुळे, अलेक्झांड्रियाशिवाय कोणाचे नाव घेऊ देत नाहीत; शेवटी ज्यांच्या अटी सर्वांत कडक त्यांच्या पसंतीने बाकीच्यांनी जावे हे मला न्याय्य वाटते, कारण बाकीचे कुठेही पोटभर जेवू शकतात. शुक्रवारी आम्ही तिथेच जातो. उरलेले घरी आणताना कालवणे आणि इंजेरा वेगळे बांधून मागावेत, नाहीतर गाडीतच त्याचा लगदा होतो. आणि तसा झालाच तरी सकाळी तो थोड्या बेर्बेरेसह कढईत परतून घ्यावा. 'फिरफिर' या नावाने हीच न्याहारी तिकडे घरोघरी होते, आणि उपवासाच्या थाळ्यातल्या उरल्यासुरल्याची असेल तर त्यावर आमच्याकडे पहिला हक्क आजीचा असतो.